फ्लास्कमध्ये नेमकं काम कोण करतंय? उत्प्रेरणातल्या संशोधनाविषयी

प्रश्न असा आहे: एम.एस्सी. पूर्ण होत आलं आहे, असेंद्रिय रसायनशास्त्राची आवड आहे आणि उत्प्रेरणात पीएच.डी. करायचा विचार आहे. या विषयात आता नवं काही उरलंय का? होमोजिनस (उत्प्रेरक द्रावणात विरघळलेला) घ्यावं की हेटेरोजिनस (उत्प्रेरक घन, वेगळा राहणारा)? आणि रोजचं काम नेमकं कसं असतं?

मी या विषयात पंचवीसहून जास्त वर्षं आहे. आधी धातूंचे कॉम्प्लेक्स (धातूच्या अणूभोवती इतर रेणू बसलेली संयुगं) बनवले, मग काही वर्षं उद्योगात घन उत्प्रेरकांवर काम केलं, आता पुन्हा विद्यार्थ्यांबरोबर प्रयोगशाळेत आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण रोजचं काम कळलं की बाकीच्या दोन प्रश्नांकडे बघण्याची नजरच बदलते.

रिअ‍ॅक्शन लावायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो ती खरंच झाली का, आणि झाली तर कुणामुळे झाली, हे शोधण्यात. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे कोबाल्टचा एक कॉम्प्लेक्स होता. गडद हिरवा, हवा लागली की दोन मिनिटांत तपकिरी पडणारा. अ‍ॅरिल ब्रोमाइड आणि बोरॉनिक आम्ल त्याने जोडता येतात का, हे बघत होते. पहिल्याच खेपेला जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) ९२ टक्के यील्ड, म्हणजे उत्पादनाचं प्रमाण, दिसलं. एरवी पॅलेडियम लागतं ते काम कोबाल्ट करतोय म्हटल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तीच रिअ‍ॅक्शन तशीच लावली, तर ११ टक्के. मग ८८. मग ९. सहा आठवडे सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा कोरडा केला, लिगंड (धातूवर बसणारा रेणू) नव्याने बनवला, बेसची बाटली बदलली, आर्गॉनच्या सिलिंडरवर संशय घेतला. शेवटी प्रत्येक रिअ‍ॅक्शनपुढे वहीत फ्लास्कपासून सेप्टमपर्यंत (त्याच्या रबरी बुचापर्यंत) काय काय वापरलं ते सगळं लिहायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत कोडं सुटलं.

यील्ड चांगलं यायचं तेव्हा फ्लास्कमध्ये दर वेळी तोच एक मॅग्नेटिक बार (ढवळायची चुंबकी कांडी) असायचा. बाकीच्यांपेक्षा जुना, एका टोकाला टेफ्लॉनवर करडे ठिपके पडलेला, आणि ते ठिपके नखाने खरवडूनही न जाणारे. कोबाल्ट अजिबात न घालता नुसत्या त्या बारवर रिअ‍ॅक्शन लावली: ८१ टक्के. मग बार रात्रभर अम्लराजात (धातू विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात) ठेवला, धुतला आणि कोबाल्ट घालून पुन्हा लावली: ३ टक्के. ते अम्लराज आयसीपी-एमएसला (धातूचा अत्यल्प अंशही मोजणाऱ्या उपकरणाला) दिलं, तर त्यात पॅलेडियम निघालं. माझ्याआधी त्या बाकावर पॅलेडियमचं काम झालं होतं आणि टेफ्लॉनच्या बारीक चिरांमध्ये धातूचे कण रुतून बसले होते. दिसायला काही नाही, पण पॅलेडियमला तेवढं पुरतं.

सात महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. तेव्हा खूप वाईट वाटलं. आज मात्र वाटतं की माझं खरं शिक्षण त्या बारपासून सुरू झालं. असेंद्रिय उत्प्रेरणात करिअर करणाऱ्या माणसाकडे एकच मूळ कौशल्य लागतं: फ्लास्कमध्ये काम कोण करतंय हा प्रश्न न थकता विचारत राहणं. बाकीची तंत्रं शिकता येतात.

हा प्रश्न या विषयाच्या इतिहासात जागोजागी भेटतो. २००३ मध्ये एक मोठी बातमी आली होती, की सुझुकी कपलिंग (मी करू बघत होते तीच जोडणी) धातूशिवायही होतं. दोन वर्षांनी त्याच गटाने स्वतःच दाखवलं की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये पॅलेडियम होतं. किती, तर ५० पीपीबीपर्यंत, म्हणजे अब्ज भागांत पन्नास. स्वतःचा निष्कर्ष स्वतःच तपासून दुरुस्त करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. २००९ मध्ये आयर्न क्लोराइडच्या काही रिअ‍ॅक्शनबद्दल असंच लक्षात आलं, की लोखंडाच्या नावावर जमा झालेलं काम प्रत्यक्षात त्यातलं अत्यल्प तांबं करत होतं.

पण अशुद्धी नेहमी फसवतेच असं नाही. जर्मनीत म्युलहाइमला कार्ल झिग्लर यांचा गट ट्रायइथिल अ‍ॅल्युमिनियमवर इथिलीन चढवून लांब साखळ्या बनवत होता. एकदा साखळीऐवजी नुसतं ब्युटीन मिळालं, दोन इथिलीन जोडले गेले आणि तिथेच थांबले. ऑटोक्लेव्ह (दाबाखाली रिअ‍ॅक्शन करायचं भांडं) तपासत तपासत ते निकेलच्या अंशापर्यंत पोचले. एवढ्यावर भांडं घासून पुढे गेले असते तर गोष्ट संपली असती. त्यांनी विचार केला की निकेल साखळी तोडत असेल तर दुसरा एखादा धातू काय करेल? एकेक धातू लावून बघितला, आणि १९५३ मध्ये झिर्कोनियम व टायटॅनियमशी येईपर्यंत साध्या दाबाला पॉलिइथिलीन हातात आलं. १९६३ मध्ये झिग्लर आणि नाट्टा यांना नोबेल मिळालं. क्रोमियम क्लोराइड वापरून कार्बनला कार्बन जोडण्याची एक पद्धत आहे. ती कधी छान चालायची, कधी मुळीच नाही, बाटली कुठून आणली आहे त्यावर ते ठरायचं. १९८६ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं शोधून काढलं की चालणाऱ्या बाटल्यांत निकेलचा अंश होता. आता त्या पद्धतीत निकेल मोजून घालतात.

नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवण्याची कथाही याच जातीची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ऑस्मियम वापरून प्रात्यक्षिक दाखवलं, पण ऑस्मियमवर कारखाना चालणार नव्हता. बीएएसएफ या जर्मन कंपनीत अल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या घेतल्या. शुद्ध लोखंड निराशा करत होतं आणि स्वीडनच्या एका खाणीतलं मॅग्नेटाइट मात्र उत्तम चालत होतं. फरक त्यातल्या मिसळीचा होता. पुढे लोखंडात अ‍ॅल्युमिना आणि पोटॅश मुद्दाम घालून उत्प्रेरक तयार झाला आणि १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. पोटॅशियम तिथे नेमकं काय करतं, नायट्रोजन पृष्ठभागावर कसा फुटतो, हे गेरहार्ड एर्टल यांनी पायरी-पायरीने उलगडलं. त्यांचं नोबेल २००७ मधलं. कारखाना आधी आणि उलगडा कित्येक दशकांनी, असं या विषयात वरचेवर होतं.

आता हाच प्रश्न नव्या रूपात. साध्या तापमानाला विजेने नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्यावर सध्या खूप काम चालू आहे. बनणारा अमोनिया बहुतेक वेळा मायक्रोग्रॅममध्ये असतो. तेवढा अमोनिया हवेत असतो, श्वासात असतो, हातमोज्यांवर असतो, इलेक्ट्रोलाइटमधल्या नायट्रेटमधून येऊ शकतो. म्हणून नायट्रोजनऐवजी आर्गॉन सोडून ब्लँक (एक घटक मुद्दाम वगळून केलेली चाचणी) घ्यायचा, आणि मग नायट्रोजन-१५ वापरून एनएमआरवर (रेणूंतले अणू ओळखणाऱ्या उपकरणावर) खूण दिसते का ते बघायचं. गंमत अशी की नायट्रोजन-१५ च्या विकतच्या सिलिंडरमध्येही अमोनियाचा अंश सापडलेला आहे, म्हणून तो वायूही आधी शुद्ध करून घ्यावा लागतो. माझ्याकडे विद्यार्थी एखादा नवा निकाल घेऊन येतो, तेव्हा मी यील्ड नंतर विचारते. आधी विचारते, ब्लँक किती लावले? उत्प्रेरकाशिवाय, लिगंडशिवाय, नुसत्या धातूच्या क्षाराने, नव्या काचेत, नव्या बारवर.

असेंद्रिय रसायनशास्त्राची बैठक इथे कामाला येते, आणि ती तुमच्याकडे असेल तर तिची किंमत कमी समजू नका. आल्फ्रेड वेर्नर यांचं धातूंच्या कॉम्प्लेक्सवरचं १८९३ चं काम पुन्हा वाचा. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनियाची पिवळी, जांभळी, हिरवी संयुगं त्यांच्यापुढे होती. क्ष-किरणांनी रचना बघायची सोय तेव्हा नव्हती. द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातलं की पिवळ्यातले तिन्ही क्लोराइड अवक्षेपित होतात, जांभळ्यातले दोन आणि हिरव्यातला एकच. यावरून कोणता क्लोराइड धातूला घट्ट धरून आहे आणि कोणता मोकळा आहे, हे त्यांनी ओळखलं आणि अष्टफलकाची कल्पना उभी केली. उत्प्रेरणात आपण तोच हिशोब चालत्या रिअ‍ॅक्शनमध्ये करतो: धातूवर आत्ता कोण बसलंय, कोण उठलंय, रिकामी जागा किती, इलेक्ट्रॉन किती.

विल्किन्सनचा रोडियम कॉम्प्लेक्स घ्या, ऑलेफिनमध्ये (कार्बनच्या दुहेरी बंधाच्या रेणूत) हायड्रोजन घालणारा. बाटलीत तीन फॉस्फीन (फॉस्फरसचे लिगंड) आणि एक क्लोराइड असलेली लालसर पूड असते. द्रावणात तिच्यातला एक फॉस्फीन सुटतो, त्या जागी हायड्रोजन येऊन दोन हायड्राइड होतात, मग ऑलेफिन बसतं. म्हणजे बाटलीतली पूड ही उत्प्रेरकाची फक्त आई आहे. जॅक हाल्पर्न यांनी या चक्राची गती मोजून दाखवलं की द्रावणात जे घटक आपल्याला सहज दिसतात, ते बहुतेक चक्राच्या बाहेर बसलेले असतात. त्याहून सुंदर उदाहरण त्यांच्याच असममित हायड्रोजनेशनच्या (आरशातल्या दोन रूपांपैकी एकच रेणू बनवण्याच्या) कामातलं. कायरल (डावा-उजवा भेद असलेलं) फॉस्फीन असलेल्या रोडियमवर ऑलेफिन दोन पद्धतींनी बसतं. एका पद्धतीचा कॉम्प्लेक्स इतका जास्त, की एनएमआरवर आणि स्फटिकात तोच दिसतो. साहजिकच सगळ्यांना वाटायचं, उत्पादनाचा हात, म्हणजे रेणू डावा की उजवा, यानेच ठरत असणार. निघालं उलटं. जेमतेम दिसणारा दुसरा कॉम्प्लेक्स हायड्रोजनशी शेकडो पट वेगाने वागतो आणि उत्पादन त्याच्याकडून येतं. जे साठतं ते आळशी असतं, म्हणून तर ते साठतं. स्फटिक मिळाला की आनंद होतो, तो झालाच पाहिजे. पण स्फटिक मिळाला म्हणजे उत्प्रेरक सापडला असं पेपरात लिहिताना पेन थांबलं पाहिजे.

होमोजिनस की हेटेरोजिनस, याकडे मी असं बघते. होमोजिनसमध्ये रेणू तुमच्या हातात असतो. एनएमआर, गतिकी, समस्थानिकं, एकेक लिगंड बदलून बघणं हे सगळं जमतं आणि मन त्यात रमतं. हवा-पाण्यापासून जपत काम करावं लागतं, त्यामुळे श्लेंक लाइन आणि ग्लोव्ह बॉक्स हेच घर होतं. हेटेरोजिनसमध्ये पृष्ठभागावरच्या थोड्याच जागा खऱ्या कामाच्या असतात, बाकी सगळा त्यांना धरून ठेवणारा आधार. तिथे पदार्थ आत-बाहेर पोचण्याचा वेग हाच मोठा फसवा असतो. छिद्रांमधल्या वाहतुकीने रिअ‍ॅक्शन अडली असेल तर मोजलेली सक्रियण ऊर्जा खऱ्याच्या साधारण निम्मी दिसते, आणि विद्यार्थी ‘आमचा उत्प्रेरक अडथळा कमी करतो’ म्हणून आनंदाने लिहून मोकळा होतो. कण बारीक करून बघा, ढवळण्याचा वेग बदलून बघा. त्याने दर बदलला तर तुम्ही रसायन मोजत नव्हता, वाहतूक मोजत होता.

आणि दोन्हींच्या मधली सीमा वाटते तितकी पक्की नाही. आधारावरचं पॅलेडियम तापल्यावर द्रावणात उतरतं, काम करतं आणि थंड होताना परत आधारावर बसतं. म्हणून गाळायचं ते गरम असतानाच, आणि गाळलेलं द्रावण पुढे चालतं का ते बघायचं. पाऱ्याची चाचणीही सर्रास करतात: पारा घातल्यावर रिअ‍ॅक्शन थांबली तर धातूचे कण काम करत होते असा अर्थ लावतात. माझं मत विचाराल तर एकट्या पाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण काही रेण्वीय कॉम्प्लेक्सही पाऱ्याशी रिअ‍ॅक्ट होतात.

पुनर्वापराच्या आकड्यांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण ही चूक मला परीक्षक म्हणून सतत दिसते. ‘उत्प्रेरक पाच वेळा वापरला, दर वेळी ९९ टक्के’ असा तक्ता असतो. समजा उत्प्रेरक गरजेच्या चौपट घातला आहे आणि काम खरं तर तासाभरात संपतं, पण रिअ‍ॅक्शन बारा तास चालवली आहे. मग त्यातला अर्धाअधिक उत्प्रेरक मेला तरी ९९ टक्केच दिसणार. पुनर्वापर तपासायचा तर कन्व्हर्जन (कच्चा माल बदलल्याचं प्रमाण) ३०-४० टक्क्यांवर असताना थांबवून दर मोजा. मी उद्योगात गेले तेव्हा पहिल्याच बैठकीत मला हे विचारलं गेलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारखान्यात उत्प्रेरकाचं आयुष्य महिन्यांत आणि वर्षांत मोजतात. कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, कार्बन साचतो, गंधक विष होतं, गोळ्या भारामुळे चुरतात. मिलिग्रॅममध्ये सुंदर वागणारी पूड गोळी करताना निम्मी सक्रियता गमावते. तिथल्या लोकांनी मला रसायनशास्त्राची एक वेगळी बाजू शिकवली, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

चक्रात अडतं कुठे हे कळलं की केवढा फरक पडतो, त्याचं माझं आवडतं उदाहरण अ‍ॅसेटिक आम्लाचं. मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून ते रोडियम-आयोडाइडवर बनतं. तिथे वेग ठरतो मिथिल आयोडाइड रोडियमवर चढण्याच्या पायरीने, कार्बन मोनॉक्साइडचा दाब वाढवून फायदा होत नाही. इरिडियमवर तीच पायरी सुमारे १५० पट वेगाने होते, पण मग अडथळा पुढे सरकतो, मिथिल कार्बोनिलवर जाण्याच्या पायरीत. धातूवरचा आयोडाइड काढून घेतला तर ही पायरी सुटते, म्हणून रुथेनियम साथीला दिलं. १९९६ मध्ये ही इरिडियमची प्रक्रिया उद्योगात आली.

नवं काही उरलंय का? अमोनियाला आजही ४०० ते ५०० अंश सेल्सिअस आणि शंभराहून जास्त बार दाब लागतो. जिवाणू हेच काम साध्या तापमानाला लोखंड-मॉलिब्डेनमच्या गुच्छावर करतात, आणि त्या गुच्छाच्या मधोमध कार्बनचा अणू आहे हे आपल्याला २०११ मध्ये कळलं. तो अणू तिथे काय करतो यावर अजून वाद चालतो. मिथेनचं थेट मिथेनॉल करायचं तर मिथेनपेक्षा मिथेनॉलच लवकर जळून जातं, कारण त्याचा कार्बन-हायड्रोजन बंध कमकुवत आहे. पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या काही प्रकारच्या इलेक्ट्रोलायझरना इरिडियम लागतं, आणि जगभरात इरिडियम वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं. कामाची कमतरता नाही.

एक गोष्ट सुरक्षिततेची, ती टाळून पुढे जाणार नाही. द्रव नायट्रोजनच्या ट्रॅपमध्ये कधी फिकट निळा द्रव दिसला, तर तो ऑक्सिजन आहे. कुठेतरी हवा आत येत होती. त्याला बंद करू नका, ट्रॅपखालचा नायट्रोजन काढू नका, फ्यूम हूडची काच खाली करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि मदत मागा. कार्बनवरचं पॅलेडियम गाळताना कोरडं पडू देऊ नका, मिथेनॉलच्या वाफेत ते पेट घेतं. या दोन्ही गोष्टी हुशार माणसांच्या हातून घडल्या आहेत.

राहिला गाइड निवडण्याचा भाग. प्रकाशनांची यादी तुम्ही बघालच. त्याखेरीज प्रयोगशाळेत एक दिवस घालवा आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी एकट्यात बोला. मॅग्नेटिक बार धातूप्रमाणे वेगळ्या डब्यांत आहेत का, वहीत बाटलीचा लॉट नंबर लिहितात का, रिअ‍ॅक्शन दुसऱ्या कुणी दुसऱ्या बाकावर पुन्हा करून दाखवल्याशिवाय पेपर जातो का, हे विचारा. मग गाइडना विचारा की गेल्या काही वर्षांत तुमच्या गटाने कोणता निकाल स्वतःहून सोडून दिला आणि कशामुळे. जे उठून कपाटातून ती वही काढतात, पान उघडून कोणता ब्लँक चालला आणि मग काय सापडलं ते दाखवतात, त्यांच्याकडे अर्ज करा. स्टायपेंड थोडा कमी असला तरी करा.